काच कुठली घ्यायची?

पहिल्या वर्षाच्या फिजिक्समध्ये आपण प्रकाश शिकतो तो बहुतेक मार्कांपुरता. न्यूटन्स रिंग्ज झाल्या, ग्रेटिंग झालं, लेसरची एनर्जी लेव्हलची आकृती काढली, जर्नलवर सही मिळाली की विषय संपला. पुढे प्रोजेक्टच्या वेळी मात्र एक साधा प्रश्न हमखास समोर येतो आणि तो कुठल्याच पेपरमध्ये नव्हता असं लक्षात येतं. सेन्सरच्या पुढे काहीतरी झाकण लावायचं आहे. काच लावू की अ‍ॅक्रिलिक? पारदर्शक घेऊ की दुधी?

हा लेख त्याच प्रश्नावर आहे. यातून एकच गोष्ट तुमच्या मनात पक्की बसावी अशी माझी इच्छा आहे. ती म्हणजे, आपल्या डोळ्याला एखादी वस्तू आरपार दिसते की नाही यावरून ती ‘पारदर्शक’ ठरवायची नाही. आधी विचारायचं, कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश? नुसता व्हायवासाठीच नव्हे, तर डोळे शाबूत राहण्यासाठीही हे माहीत हवं. का ते शेवटी सांगते.

विंडो आणि डिफ्युजर

ऑप्टिक्सच्या भाषेत ‘विंडो’ म्हणजे दोन सपाट, समांतर बाजू असलेली चकती. ती लेन्ससारखी प्रकाश गोळा करत नाही, प्रिझमसारखी वळवत नाही. तिचं काम म्हणजे एका बाजूची हवा, धूळ, पाणी, दाब दुसऱ्या बाजूला जाऊ द्यायचा नाही, पण प्रकाश मात्र होता तसा जाऊ द्यायचा. ‘डिफ्युजर’ याच्या उलट. तो प्रकाश जाऊ देतो, पण तो कुठल्या दिशेने आला होता हे विसरायला लावतो. प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो, पण चित्र मात्र पुसलं जातं.

यासाठी मराठीत तीन छान शब्द आहेत: पारदर्शक, पारभासी आणि अपारदर्शक. माझं शाळेचं शिक्षण इंग्रजीतून झालं, त्यामुळे ‘पारभासी’ हा शब्द मला बराच उशिरा भेटला. पण तो इंग्रजी शब्दापेक्षा जास्त नेमका वाटतो. पलीकडे काहीतरी आहे याचा नुसता ‘भास’ होतो, दर्शन होत नाही. डिफ्युजरची याहून चांगली व्याख्या मला सुचत नाही.

वडापावच्या कागदाचा धडा

पांढरा कागद आरपार का दिसत नाही? तो ज्या सेल्युलोजच्या तंतूंचा बनतो ते तंतू खरं तर बऱ्यापैकी पारदर्शक असतात. पण त्यांचा अपवर्तनांक साधारण १.५ आणि मधल्या हवेचा १. प्रकाश प्रत्येक तंतूत शिरताना आणि बाहेर पडताना थोडा वळतो, थोडा परततो. असं शेकडो वेळा झालं की मूळ दिशा उरतच नाही आणि कागद पांढरा दिसतो.

आता त्याच कागदात गरम वडा गुंडाळा. जिथे तेल लागलं तिथे कागद आरपार दिसायला लागतो. तेलाचा अपवर्तनांक साधारण १.४७, म्हणजे तंतूंच्या अगदी जवळ. हवेची जागा तेलाने घेतली, फरक मिटला, प्रकाश सरळ गेला. दुधी काचेच्या खरबरीत बाजूवर सेलोटेप घट्ट चिकटवली की तेवढी पट्टी स्वच्छ होते, त्याचंही कारण हेच. (बाथरूमच्या काचेवर हा प्रयोग करू नये, रेक्टर मॅडमकडे बोलावणं येईल.)

मीठ घ्या. मिठाचा एक मोठा, शुद्ध खडा पारदर्शक असतो, पण मूठभर बारीक मीठ पांढरं दिसतं. पदार्थ तोच, एकदा विंडो, एकदा डिफ्युजर. तेव्हा डिफ्युजर हा काही वेगळा पदार्थ नसतो. पारदर्शक पदार्थात अपवर्तनांकाच्या उड्या पेरल्या की डिफ्युजर तयार होतो. या उड्या पृष्ठभागावर घासून करता येतात किंवा आतमध्ये बारीक कण मिसळून.

आपल्या गोव्याच्या जुन्या घरांत आणि चर्चेसमध्ये खिडक्यांना काचेऐवजी चपट्या शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले दिसतात. या शिंपल्याला शास्त्रीय भाषेत प्लॅक्युना प्लॅसेंटा म्हणतात. कॅल्शियम कार्बोनेटचे थरावर थर असल्यामुळे उजेड आत येतो, पण ऊन डोळ्यावर येत नाही आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. विंडो आणि डिफ्युजर, टू इन वन!

दोन भिंती

आता विंडोकडे वळू. कुठलाही पदार्थ सगळ्या तरंगलांबींना पारदर्शक नसतो. प्रत्येकाला दोन भिंती असतात. अतिनील म्हणजे यूव्हीच्या बाजूला इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून घेतात. अवरक्त म्हणजे इन्फ्रारेडच्या बाजूला अणूंचे बंध थरथरतात आणि प्रकाश गिळतात. या दोन भिंतींच्या मध्ये जो पट्टा उरतो, तेवढीच त्या पदार्थाची ‘खिडकी’.

इन्फ्रारेडची भिंत कुठे उभी राहणार हे मेकॅनिकलवाल्यांना लगेच समजेल. अणू म्हणजे वजनं, बंध म्हणजे स्प्रिंग. स्प्रिंग कडक आणि वजन हलकं असेल तर फ्रिक्वेन्सी जास्त, म्हणजे भिंत लवकर येते. स्प्रिंग सैल आणि अणू जड असेल तर भिंत लांब जाते. पण कडक स्प्रिंग म्हणजेच मजबूत पदार्थ! त्यामुळे ढोबळ नियम असा की जो पदार्थ कठीण आणि टिकाऊ, तो इन्फ्रारेडमध्ये लवकर हात टेकतो आणि जो लांबपर्यंत साथ देतो, तो बहुधा मऊ, ठिसूळ किंवा पाण्यात विरघळणारा असतो. हे लक्षात ठेवलं तर पुढची यादी पाठ करावी लागत नाही.

कोण कुठपर्यंत जातो

(आकडे साधारण आहेत. जाडी आणि ग्रेडनुसार थोडे इकडेतिकडे होतात.)

बीके७ काच: लॅबमधली नेहमीची ऑप्टिकल काच. ०.३५ ते २ मायक्रॉन. अपवर्तनांक १.५२. स्वस्त आणि मस्त. दृश्य प्रकाशासाठी डोळे झाकून घ्या.

फ्यूज्ड सिलिका: शुद्ध सिलिकॉन डायऑक्साइडची काच. चांगल्या ग्रेडची ०.१९ मायक्रॉनपासून चालते, म्हणून यूव्हीच्या कामाला हीच. दुसरा गुण म्हणजे ही तापल्यावर फारशी प्रसरण पावत नाही. बीके७ च्या तुलनेत तिचं प्रसरण सुमारे १३ पट कमी, त्यामुळे गरम-थंड झाल्याने तडकण्याची भीती फार कमी.

सफायर: म्हणजे नीलमच, पण कारखान्यात वाढवलेला आणि रंगहीन. ०.१७ ते ५ मायक्रॉन. मोह्ज कठीणता ९, वर फक्त हिरा. महागड्या घड्याळांवर आणि दुकानातल्या बारकोड स्कॅनरवर ओरखडे पडू नयेत म्हणून हा लावतात.

कॅल्शियम फ्लोराइड: ०.१५ ते ८ मायक्रॉन. यूव्हीपासून इन्फ्रारेडपर्यंत एकच तुकडा चालतो, पण अचानक तापवला तर तडकतो.

झिंक सेलेनाइड: ०.६ ते १६ मायक्रॉन. पिवळसर दिसतो. १०.६ मायक्रॉनच्या कार्बन डायऑक्साइड लेसरमध्ये लेन्स आणि विंडो याचीच असते. दृश्यातला लाल प्रकाशही यातून जात असल्यामुळे नेम धरायला लाल पॉइंटरचा किरण त्याच लेन्समधून पाठवता येतो. एक सूचना: याची भुकटी विषारी आहे. लेन्स तडकली तर तुकडे उघड्या हाताने गोळा करायचे नाहीत, झाडून धूळ उडवायची नाही.

जर्मेनियम: २ ते १४ मायक्रॉन. दिसायला चक्क राखाडी धातू! डोळ्याला ठार अपारदर्शक, पण थर्मल कॅमेऱ्याची लेन्स याचीच बनते. १०० अंश सेल्सियसच्या आसपास तापला की हा स्वतःच प्रकाश शोषायला लागतो, मग आणखी तापतो, आणखी शोषतो. म्हणून भट्टीजवळ वापरताना जपून.

मीठ आणि पोटॅशियम ब्रोमाइड: मीठ १६ मायक्रॉनच्या आसपास आणि पोटॅशियम ब्रोमाइड साधारण २५ पर्यंत. केमिकलच्या मुलांनी आयआर स्पेक्ट्रमसाठी याच्या गोळ्या दाबल्या असतील. दोन्ही पाण्यात विरघळतात. आपल्या पावसाळ्यात डेसिकेटरबाहेर ठेवले तर दोन-चार दिवसांत काम तमाम.

हिराही विंडो म्हणून वापरला गेला आहे. १९७८ मध्ये नासाने शुक्रावर पाठवलेल्या पायोनियर व्हीनस मोहिमेतल्या मोठ्या प्रोबवर इन्फ्रारेड उपकरणापुढे साडेतेरा कॅरटचा हिरा बसवला होता. शुक्राची उष्णता, दाब आणि आम्लाचे ढग सोसून इन्फ्रारेड आत घेणारं दुसरं कोण मिळणार?

आता या यादीत नसलेला, पण तुम्ही रोज बघता तो एक पदार्थ: पॉलिथिन. कॉरिडॉरमध्ये कुणी आलं की आपोआप दिवा लागतो, त्या सेन्सरवर दुधी प्लॅस्टिकचं गोल टोपण असतं. ते पॉलिथिनचं. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३०५ केल्विन, वीनच्या नियमाने त्याचं शिखर येतं ९.५ मायक्रॉनवर. पॉलिथिन तिथे बऱ्यापैकी पारदर्शक आहे. म्हणजे तेच टोपण आपल्या डोळ्यासाठी डिफ्युजर आणि सेन्सरसाठी खिडकी! त्याजागी कुणी ‘छान स्वच्छ’ काच बसवली तर सेन्सर आंधळा होईल. २०२० मध्ये कोरोनाच्या दिवसांत कपाळापुढे धरायचं ते थर्मामीटर आठवा. तेही काचेच्या दारामागून धरलं तर माणसाचा ताप न दाखवता काचेचं तापमान दाखवतं.

फुकट काहीच जात नाही

समजा तरंगलांबी जुळली. तरी पूर्ण प्रकाश पलीकडे जात नाही. प्रत्येक पृष्ठभागावर काही भाग परततो. सूत्र सोपं आहे. अपवर्तनांकातून १ वजा करा, आलेल्या संख्येला अपवर्तनांक अधिक १ ने भागा आणि वर्ग करा. काचेसाठी ०.५ भागिले २.५, वर्ग केला की ४%. दोन बाजू मिळून सुमारे ८% गेले. सफायरला एका बाजूला साधारण ८%, झिंक सेलेनाइडला १७% आणि जर्मेनियमला, ज्याचा अपवर्तनांक ४ आहे, तब्बल ३६%. नुसती जर्मेनियमची चकती लावली तर निम्म्याहून कमी प्रकाश आत येतो.

उपाय म्हणजे अँटिरिफ्लेक्शन कोटिंग. मॅग्नेशियम फ्लोराइडचा अपवर्तनांक १.३८. हिरव्या प्रकाशासाठी, म्हणजे ५५० नॅनोमीटरला, पाव तरंगलांबीचा थर काढला तर जाडी येते १०० नॅनोमीटर. तेवढ्या थराने काचेचं परावर्तन एका बाजूला ४ वरून सव्वा टक्क्यावर येतं. पातळ फिल्मच्या इंटरफेरन्सवर आपण जो प्रश्न सहा मार्कांना लिहितो, तो तुमच्या चष्म्यावर आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर प्रत्यक्ष काम करत असतो.

जाडी किती?

व्हॅक्यूम चेंबरला विंडो लावायची असेल तर ऑप्टिक्सच्या आधी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. ५ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीवर वातावरणाचा दाब सुमारे २० किलो वजनाइतका बसतो. कडेने नुसत्या टेकवलेल्या गोल चकतीत जास्तीत जास्त ताण म्हणजे साधारण १.२ गुणिले दाब गुणिले त्रिज्येचा वर्ग भागिले जाडीचा वर्ग. काचेला ताणात जपून वापरायचं म्हणून सेफ्टी फॅक्टर ४ धरतात आणि बीके७ साठी ४ मेगापास्कलच चालतील असं मानतात. गणित केलं की जाडी येते ४.३ मिलिमीटर. म्हणजे ५ ची घ्यायची. ‘३ ची पडली होती, लावून टाकली’ असं करायचं नाही. काच वाकून इशारा देत नाही, ती एकदम फुटते.

१९३४ मध्ये विल्यम बीब आणि ओटिस बार्टन हे दोघे बर्म्युडाजवळ एका पोलादी गोळ्यात बसून समुद्रात ९२३ मीटर खोल उतरले. त्यांच्या गोळ्याच्या खिडक्या फ्यूज्ड क्वार्ट्झच्या आणि सुमारे साडेसात सेंटिमीटर जाड होत्या. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलेल्या क्युपोलात सात खिडक्या आहेत, त्यातली मधली ८० सेंटिमीटरची. प्रत्येकीत एकावर एक काचा असतात. आतली काच अंतराळवीरांच्या ओरखड्यांसाठी, मधल्या दाबासाठी, बाहेरची उडत येणाऱ्या बारीक कचऱ्यासाठी. एका काचेवर सगळी जबाबदारी टाकायची नाही, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

डिफ्युजरची निवड

डिफ्युजर निवडताना दोन प्रश्न विचारा. प्रकाश किती पसरायला हवा आणि किती गमावलेला चालेल?

ग्राउंड ग्लास म्हणजे घासलेली काच. घासण्याची पूड १२० नंबरची म्हणजे जाड, १५०० ची म्हणजे अगदी बारीक. जाड पुडीने घासली तर प्रकाश जास्त पसरतो. स्वस्त आहे, पण मधोमध उजळ डाग राहतो. ओपल ग्लासमध्ये दुधी थर असतो. तो प्रकाश जवळजवळ सगळ्या दिशांना सारखा पसरवतो, पण बराचसा मागे परतवतो आणि पुढे थोडाच जाऊ देतो. एलईडी बल्बची टोपी आणि ट्यूबचं कव्हर दुधी पॉलिकार्बोनेट किंवा अ‍ॅक्रिलिकचं. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई यूव्हीतही चालतो, म्हणून यूव्ही सेन्सरवर त्याची चकती लावतात. तिथे साधं अ‍ॅक्रिलिक लावलं तर यूव्ही बरंचसं अडतं आणि मीटर भलतंच काहीतरी दाखवतो.

दाबून भाजलेल्या टेफ्लॉनचा स्पेक्ट्रॅलॉन नावाचा पांढरा पदार्थ दृश्य प्रकाशातला सुमारे ९९% प्रकाश विखरून परत देतो. १९९९ मध्ये सोडलेल्या टेरा उपग्रहावरच्या मोडिस उपकरणात त्याचा पट्टा बसवलेला होता. त्यावर पडलेलं ऊन मोजायचं आणि त्यावरून पृथ्वीकडून येणाऱ्या प्रकाशाचं माप तपासायचं. उपग्रहासाठी पांढऱ्या रंगाची पट्टी म्हणा ना.

लक्स मीटरवरची पांढरी घुमटीही डिफ्युजरच. तिरका प्रकाश कोसाइनच्या नियमाने मोजला जावा, ६० अंशातून आला तर निम्मा, यासाठी ती असते. पॉलिहाऊसच्या दुधी प्लॅस्टिकमुळे ऊन खालच्या पानांपर्यंत पोचतं. आणि ड्रॉइंगच्या शीटची जीटी मारताना काचेखाली उघडा बल्ब न ठेवता मध्ये एक बटर पेपर का टाकतात, हे आता वेगळं सांगायला नको. (जीटी मारणं चूक आहे, हेही वेगळं सांगायला नको.)

हॉस्टेलच्या खोलीतला हिशोब बघा. एलईडीच्या चिप्सचं क्षेत्रफळ धरा २ चौरस सेंटिमीटर, टोपीचं धरा ६०. उजेड जवळजवळ तेवढाच, पण तो तीसपट जागेवर पसरला, म्हणून डोळ्यात खुपत नाही. टोपी काढून ‘जास्त लाइट येतो’ म्हणणाऱ्यांनी रात्री दोन वाजता वाचताना डोळे का चुरचुरतात याचा विचार करावा.

आता मुद्द्याचं: लेसरचं झाकण

आज अनेक कॉलेजांत लेसर कटर आणि एन्ग्रेव्हर आले आहेत. कार्बन डायऑक्साइड लेसरच्या मशीनला स्वच्छ अ‍ॅक्रिलिकचं झाकण असतं आणि ते बरोबर आहे. १०.६ मायक्रॉनचा प्रकाश अ‍ॅक्रिलिक जागच्या जागी शोषतं. आपल्याला आतलं सगळं दिसतं, पण उसळलेला लेसर बाहेर येत नाही. तिथे ते झाकण भिंत आहे.

हे बघून मुलं तेच झाकण निळ्या डायोड लेसरवर लावतात. एका टेक फेस्टमध्ये मी असं मशीन स्वतः पाहिलं आहे, भोवती आठ-दहा जण वाकून बघत होते. निळा लेसर सुमारे ४५० नॅनोमीटरचा. त्याला स्वच्छ अ‍ॅक्रिलिक ९२% पारदर्शक आहे. तिथे तेच झाकण उघडी खिडकी आहे! फायबर लेसरचं तर आणखी वाईट. त्याचा १.०६ मायक्रॉनचा किरण काच आणि अ‍ॅक्रिलिक दोन्हींतून जातो, डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही. पण डोळ्याची लेन्स तो थेट रेटिनावर गोळा करते, बाहुलीवर पडला त्याच्या साधारण लाखपट तीव्रतेने. रेटिना जळली की ती पुन्हा येत नाही.

‘आपण कुठे सरळ बघतोय, लाकडावरून विखुरलेलाच तर प्रकाश आहे’ असं कुणी म्हणेल. लाकूड डिफ्युजर आहे हे खरं. पण ५०० मिलिवॅटच्या वरचे लेसर क्लास ४ मध्ये येतात, आणि या क्लासमध्ये विखुरलेला प्रकाशही डोळ्याला इजा करू शकतो. डिफ्युजर तीव्रता वाटून देतो, नाहीशी करत नाही.

म्हणून झाकण किंवा गॉगल घेताना रंग बघून घेऊ नका. त्यावर दोन आकडे छापलेले असले पाहिजेत: तरंगलांबीचा पट्टा आणि ओडी, म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी. ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग आत येणार. ५ वॅटचा अर्धा मिलिवॅट होतो. पण हा आकडा फक्त छापलेल्या पट्ट्यातच खरा. निळ्यासाठीचा नारिंगी गॉगल फायबर लेसरसमोर काहीच उपयोगाचा नाही. आकडे छापलेले नसतील, तर तो गॉगल म्हणजे फॅशन.

तेव्हा काच घ्यायला जाताना हे प्रश्न याच क्रमाने विचारा. तरंगलांबी कुठली? ती जाऊ द्यायची आहे की अडवायची आहे? प्रकाशाची दिशा टिकवायची आहे की विसरायची? दोन्ही बाजूंना दाब, तापमान, पाणी किती? कोटिंग लागेल का? आणि सगळ्यात शेवटी, किंमत किती? आपण बहुतेक वेळा शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

आणि वर्कशॉपमध्ये पुढच्या वेळी लेसर मशीनजवळ उभे राहाल तेव्हा चालू करण्याआधी त्यावरचं लेबल वाचा. तरंगलांबी तिथे लिहिलेली असते. झाकणावर आणि गॉगलवर तोच आकडा सापडला नाही, तर स्विचला हात लावू नका, लॅब असिस्टंट काकांना बोलवा. रिपोर्ट एक दिवस उशिरा दिला तर चालतो.